कापडाआडचे दोघे

कामाच्या दिवशी, संध्याकाळी साडेसातला, कुळगावात एका चित्रावरच्या व्याख्यानाला इतकी माणसं जमतात याचं आम्हाला अजूनही नवल वाटतं. निम्मे जण तर स्टेशनवरून थेट इथे आलेले दिसतायत, पाठीवरच्या सॅका अजून उतरलेल्या नाहीत. तेव्हा लांबलचक प्रस्तावना नको. दिवे घालवूया आणि आधी चित्र पाहूया.

खोलीचा एक कोपरा आहे. एक भिंत निळसर-करडी, दुसरी विटकरी तांबूस, वर छताची पांढरी नक्षीदार कड. पुढे एक पुरुष आणि एक स्त्री. त्याचा काळा कोट, पांढरा शर्ट, टाय. तिचा तांबड्याकडे झुकणारा, बिनबाह्यांचा पोशाख, उघडा दंड. दोघं चुंबन घेतायत. आणि दोघांचीही डोकी, मानेपर्यंत, पांढुरक्या कापडात पूर्ण गुंडाळलेली आहेत. नाक कुठे, ओठ कुठे, हे कापडाच्या चुण्यांवरून ओळखायचं. बस, एवढंच चित्र. आकारानेही मोठं नाही. साधारण ५४ सेंटिमीटर उंच आणि ७३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे घरातल्या मध्यम टीव्हीपेक्षा लहानच. नाव ‘प्रेमिक’. चित्रकार रने माग्रित, बेल्जियमचा. साल १९२८. मूळ चित्र आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे.

काय दिसतं? घाई नको, अर्धा मिनिट बघा.

पुस्तकात याचं जे उत्तर मिळतं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे ते बाजूला ठेवता येईल. पुस्तकं म्हणतात: दोन माणसं कितीही जवळ आली तरी एकमेकांना पूर्ण ओळखू शकत नाहीत, जवळीक आहे पण भेट नाही, हे आधुनिक माणसाचं एकाकीपण. उत्तर चूक नाही. पण ते इतकं पटकन येतं की चित्र पाहायचंच राहून जातं. काही वर्षांपूर्वी आम्ही हेच चित्र कॉलेजच्या मुलांपुढे ठेवलं आणि हेच विचारलं. मागच्या बाकावरची एक मुलगी अगदी सहज म्हणाली, “सर, त्यांनी स्कार्फ बांधलाय. कुणी ओळखू नये म्हणून.”

वर्ग हसला. आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र हसू थांबलं, कारण इतक्या पुस्तकांत आम्ही हे वाचलं नव्हतं आणि बदलापूरच्या रस्त्यावर रोज पाहत होतो. स्कूटरवर मागे बसलेली मुलगी, डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीत. उन्हासाठी, धुळीसाठी, हे खरंच. पण उल्हास नदीच्या काठाला, बारवीच्या रस्त्याला, संध्याकाळी जी जोडपी बसलेली असतात, त्यांच्या ओढण्या काही उन्हासाठी नसतात. गावात काका आहे, शेजारी आहे, भावाचा मित्र आहे. चेहरा झाकला तरच भेटता येतं. म्हणजे ज्या कापडाला पुस्तक ‘अडथळा’ म्हणतं, ते कापड या मुलीच्या लेखी भेटीची सोय आहे. कापड काढलं तर भेटच होणार नाही.

आजचं सगळं बोलणं या दोन वाचनांच्या मधलं आहे. कोणतं बरोबर, याकडे शेवटी येऊ. येऊ किंवा न येऊ. पण आधी थोडा इतिहास, कारण चित्र हवेत काढलं जात नाही.

माग्रितचा जन्म १८९८ चा, बेल्जियममधल्या लेसिन या गावचा. वडील शिंपीकाम आणि कापडाचा व्यापार करत. आई लग्नाआधी स्त्रियांच्या टोप्या बनवण्याचं काम करायची. म्हणजे घर मुळातच कापडाचं. पुढे चित्रकलेचं शिक्षण झाल्यावर माग्रितने पोटासाठी पहिली नोकरी धरली ती भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाच्या कारखान्यात, नक्षी काढणारा म्हणून. नंतर जाहिराती, पोस्टरं. या माणसाला कापडाची घडी कशी पडते, चुणी कुठे मोडते, हे शिकावं लागलं नसणार. ते त्याच्या घरातच होतं. चित्रातलं डोक्यावरचं कापड पुन्हा पाहा. ते मलमलीसारखं तरंगत नाही, त्याला वजन आहे.

आता ती गोष्ट, जी या चित्राबरोबर नेहमी सांगितली जाते. १९१२ च्या फेब्रुवारीत माग्रितच्या आईने साम्ब्र नदीत जीव दिला. मुलगा तेरा वर्षांचा. देह काही दिवसांनी सापडला. पुढे माग्रितच्या मित्राने लिहून ठेवलं की देह सापडला तेव्हा अंगातला रात्रीचा झगा वर जाऊन चेहऱ्याभोवती गुंडाळलेला होता. झालं! झाकलेल्या चेहऱ्यांच्या सगळ्या चित्रांना किल्ली सापडली. मुलाने आईचा झाकलेला चेहरा पाहिला, म्हणून आयुष्यभर झाकलेले चेहरे काढले.

आम्हाला ही किल्ली फार सैल वाटते. एक तर, देह बाहेर काढला तेव्हा मुलगा तिथे होता का याचीच पुढच्या अभ्यासकांना शंका आहे. ही कथा घरातल्या माणसांच्या तोंडून तयार झालेली असावी असं त्यांचं म्हणणं. दुसरं, स्वतः माग्रितला आपल्या चित्रांची अशी उकल आवडत नसे. चित्राच्या मागे काहीतरी लपलेलं आहे आणि ते शोधून काढलं की काम संपलं, या कल्पनेचाच त्याला कंटाळा होता. आणि तिसरं, जे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: आईचं दुःख खरं धरलं, तरी त्याने एक चेहरा झाकलेला काढला नाही. दोन काढले. मेलेलं कुणी काढलं नाही. जिवंत, एकमेकांकडे ओढलेली दोन माणसं काढली. नदीची गोष्ट कापड कुठून आलं हे कदाचित सांगेल, चुंबन कुठून आलं हे सांगत नाही.

१९२८ साली माग्रित राहत होता पॅरिसमध्ये, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. नीट पाहिलं तर तो पॅरिसमध्ये राहत नव्हता. तो राहत होता ल पेरो-स्यूर-मार्न नावाच्या, पूर्वेकडच्या उपनगरात. आता इथे बसलेल्यांना हा फरक समजावून सांगायला नको. कुणी विचारलं की आपणही बाहेरगावी ‘मुंबईला राहतो’ असंच म्हणतो, आणि मग समोरचा म्हणतो, “मुंबईत कुठे?” त्यानंतर जी शांतता पसरते ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. आंद्रे ब्रतोंची मंडळी शहराच्या मध्यभागी, कॅफेत रोज जमणारी. माग्रित बायकोबरोबर, जॉर्जेटबरोबर, गावाबाहेर. १९२७ च्या सप्टेंबरपासून १९३० पर्यंतची ही तीन वर्षं. आणि याच काळात तो झपाटल्यासारखा चित्रं काढत होता. एकट्या १९२८ मध्ये शंभराच्या आसपास. झाकलेल्या डोक्यांची चित्रं जवळपास सगळी याच एका वर्षातली आहेत.

‘प्रेमिक’सुद्धा एक नाही. त्याच नावाचं, त्याच वर्षीचं दुसरं चित्र ऑस्ट्रेलियात कॅनबेराला आहे. त्यात तीच झाकलेली डोकी, पण मागे झाडीचा मोकळा देखावा, आणि दोघं चुंबन न घेता गालाला गाल लावून आपल्याकडे तोंड करून उभी. अगदी फोटो काढून घेतल्यासारखी. आपल्या आजी-आजोबांचे स्टुडिओतले फोटो आठवा. मागे रंगवलेला पडदा, आजोबा खुर्चीवर, आजी खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी, दोघांची नजर कॅमेऱ्यात. एकमेकांकडे कुणी पाहत नाही. चेहरे उघडे आहेत, पण त्या फोटोवरून त्या दोघांमधलं काय कळतं? आम्हाला तरी काही कळत नाही. कॅनबेराच्या चित्रात माग्रितने चेहरे झाकले आणि तरी गालाला गाल लावून ठेवला. आपल्या फोटोत चेहरे दाखवले आणि मधे हातभर अंतर ठेवलं.

अतिवास्तववाद म्हणजे काय, हे थोडक्यात. शब्द १९१७ साली कवी अपोलिनेरने वापरला, १९२४ मध्ये ब्रतोंने जाहीरनामा काढला, स्वप्नांना आणि मनाच्या न कळणाऱ्या भागाला कलेत मोकळीक द्यायची असं ठरलं. पुढे भांडणं झाली, माणसं आली-गेली. हे सगळं कुठल्याही पुस्तकात आहे. माग्रितचं मात्र स्वप्नाशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्याची पद्धत वेगळी: वस्तू अगदी रोजच्या घ्यायच्या, दुकानाच्या पाटीवर काढाव्यात इतक्या स्वच्छ काढायच्या, आणि जागा बदलायची. १९३८ च्या एका चित्रात घरातल्या शेकोटीच्या तोंडातून रेल्वेचं इंजिन बाहेर येतं, धुरासकट.

हे विचित्र वाटतं? २७ जुलै २०१९ ची सकाळ आठवा. बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात उभी होती. चहूकडे तपकिरी पाणी, मधे गाडीचे डबे, आणि आत हजाराहून जास्त माणसं. बोटी आल्या आणि रेल्वेच्या दारातून माणसं बोटीत उतरली. आपल्या पंचक्रोशीत ज्याने तो देखावा पाहिला त्याला अतिवास्तववादाची व्याख्या द्यायची गरज नाही. गाडी रोजचीच, नदी रोजचीच. फक्त एक दुसरीत. आणि तेव्हा काय झालं, हेही लक्षात घ्या. एरवी त्या गाडीतल्या कुणाचंही नाव आपल्याला ठाऊक नसतं. ती रात्री आपल्या स्टेशनवरून खडखडत निघून जाते. त्या दिवशी आसपासच्या गावांतली माणसं मदतीला धावली. ओळखीची वस्तू जागेवरून हलली की माणसं एकमेकांकडे पाहतात. माग्रितला चित्रातून नेमकं हेच हवं होतं, असं आम्हाला वाटतं.

आता आपल्याकडे येऊया. अतिवास्तववाद मराठीत आला तो चित्रापेक्षा आधी कवितेतून. मर्ढेकरांच्या १९४७ च्या ‘काही कविता’ वाचून लोक बिचकले ते उगाच नाही. अरुण कोलटकर तर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. त्यांच्या सुरुवातीच्या मराठी कवितांत चित्रकाराचा डोळा आणि स्वप्नाची तोडफोड दोन्ही आहे. विलास सारंगांच्या १९७५ च्या कथासंग्रहाचं नावच ‘सोलेदाद’, स्पॅनिशमध्ये एकटेपण. पण चित्रात ज्यांच्याजवळ थांबावं असं नाव आमच्या मते एकच, प्रभाकर बरवे.

बरवे १९३६ चे, अलिबागजवळच्या नागावचे. १९५९ मध्ये जे. जे.तून बाहेर पडले. आणि नोकरी कुठे केली? वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये. हातमागाच्या विणकरांना नवी डिझाइनं मिळावीत म्हणून सरकारने काढलेली ही केंद्रं. के. जी. सुब्रमण्यन, अंबादास, बरवे असे एकाहून एक चित्रकार तिथे पगारावर कापडासाठी डिझाइनं करत होते. बरवे १९६१ पासून काही वर्षं बनारसच्या केंद्रात होते, नंतर मुंबईच्या. म्हणजे पुन्हा कापड! बेल्जियममध्ये भिंतीच्या कागदावर नक्षी काढणारा एक, आणि बनारसमध्ये साडीवर दुसरा. दोघांनाही सपाट पृष्ठभागावर एक आकृती ठेवली की तिच्याभोवतीची मोकळी जागाही बदलते, हे पोटापाण्याच्या कामातून कळलेलं.

बरव्यांना अतिवास्तववादी म्हणावं का, हा वाद आम्ही घालणार नाही. त्यांनी ती पाटी लावून घेतली नव्हती. पण चित्रं पाहा. एनॅमल रंगाचा गुळगुळीत, शांत पृष्ठभाग. त्यावर एखादं पान, एखादं घड्याळ, एखादं फळ, शिंपला. प्रत्येक वस्तू स्वच्छ, सुटी, स्वतःपुरती. मधे खूप जागा. आणि बहुतेक चित्रांत माणूस नाही. माणूस नुकताच उठून गेल्यासारखी जागा आहे. १९९० मध्ये मौजेने काढलेल्या ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात ते वस्तू आणि अवकाश यांच्या नात्याचा सतत विचार करतात. ज्यांना चित्रकलेवरचं चांगलं मराठी गद्य वाचायचं असेल त्यांनी बाकी सगळं सोडून ते आधी वाचावं, ही आमची शिफारस.

एकाकीपण दाखवायचं म्हणजे खिडकीत बसलेला उदास माणूस काढायचा, अशी आपली एक सवय झालेली असते. बरवे तसं करत नाहीत. पान आणि घड्याळ यांच्यामधलं अंतर नेमकं इतकंच का आहे, असा प्रश्न ते आपल्यापुढे ठेवतात. थोडं जवळ असतं तर? थोडं लांब असतं तर? माग्रितने दोन माणसांमधलं अंतर शून्यावर आणलं आणि मधे कापड घातलं. बरव्यांनी कापड काढलं, माणसंही काढली, आणि अंतर तेवढं ठेवलं. हे आमचं वाचन आहे, बरव्यांच्या माथी मारू नका. ते ६ डिसेंबर १९९५ ला गेले.

कापडाकडे परत येऊ, कारण या पट्ट्यात बसून कापडाविषयी बोलायचं आणि उल्हासनगरचं नाव घ्यायचं नाही हे बरोबर नाही. जीन्स म्हटलं की तो धंदा डोळ्यांपुढे येतोच, आणि वालधुनीचं निळं-काळं पाणीही. ‘मेड इन यूएसए’चा जुना विनोद तुम्हाला माहीत आहे, तो पुन्हा सांगत नाही. आम्हाला त्याआधीचं उल्हासनगर आठवायचं आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत ठेवलं, आणि १९४९ साली कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. कॅम्प एक, कॅम्प दोन ही नावं तर आजही रिक्षावाल्याच्या तोंडात आहेत. बराक सैनिकांसाठी बांधलेली, लांबच लांब, आत भिंती नाहीत. तिच्यात कुटुंबामागून कुटुंब. मग एका कुटुंबाचं घर कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं? जिथे चादर किंवा गोणपाट टांगलेलं असेल तिथे.

क्षणभर त्या चादरीचा विचार करा. पलीकडचा खोकला ऐकू येतो, पलीकडचं भांडण ऐकू येतं, रात्री पलीकडचं रडणं ऐकू येतं. दिसत मात्र नाही. आणि दिसत नाही म्हणूनच सकाळी पाण्याच्या रांगेत मान वर करून उभं राहता येतं. ती चादर एकाकी करणारी होती की सोबत सोसण्याजोगी करणारी? एखाद्या नवविवाहित जोडप्याला त्या बराकीत विचारलं असतं, तर त्यांनी चादरीला अडथळा म्हटलं असतं, असं आम्हाला वाटत नाही. तीच त्यांची खोली होती.

आणि मग अंतरपाट. हा विषय आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता, पण तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर तो केव्हाच आला होता. माग्रितला अंतरपाट ठाऊक असण्याचं काही कारण नाही. तरी मराठी माणूस दोन माणसांच्या मधे कापड पाहतो तेव्हा त्याला तो आठवणारच. मधे कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं ते वस्त्र, दोन बाजूंना ते धरून उभे असलेले दोघे, इकडे नवरी, तिकडे नवरा, हातात हार. मंगलाष्टकं संपेपर्यंत पाहायचं नाही. मग वाजंत्री, आणि कापड बाजूला.

अंतरपाटाचं कापड आणि माग्रितचं कापड यांत फरक कोणता? पहिला सोपा: अंतरपाट निघतो, हे निघत नाही. पण आम्हाला दुसरा फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. अंतरपाट कुणीतरी धरलेला असतो. त्या दोघांनी तो घेतलेला नसतो, आणि काढायचा केव्हा हेही त्यांच्या हातात नसतं. भोवती दोनशे माणसं अक्षता घेऊन उभी. कापड दोघांच्या मधे असतं, पण ते समाजाच्या हातात असतं. माग्रितच्या खोलीत तिसरं कुणीच नाही. दोन भिंती आणि छत. कापड कुणी बांधलं हे कळायला मार्ग नाही. त्यांनी स्वतः बांधलं असेल तर ते सोडूही शकतात, आणि सोडत नाहीत. कुणी दुसऱ्याने बांधलं असेल तर तो निघून गेलाय, आणि आता सोडायला कुणी येणार नाही.

इथे आम्हाला त्या मुलीचा स्कार्फ पुन्हा आठवतो. बारवीच्या रस्त्यावरच्या जोडप्याला दोनशे माणसं नको आहेत. अक्षता टाकणाऱ्या हातांचीच त्यांना भीती आहे. कारण तेच हात आडनाव विचारतात, जात विचारतात, आणि काही वेळा त्याहून वाईट करतात. त्यांचा स्कार्फ हा अंतरपाटाच्या नेमका उलट आहे. अंतरपाट जोडप्याला एकमेकांपासून झाकतो आणि लोकांना सगळं दाखवतो. स्कार्फ जोडप्याला लोकांपासून झाकतो. आता मॅग्निफाइंग ग्लास घेऊन माग्रितचं चित्र पाहिलं तरी हे कापड कोणत्या जातीचं ते सांगता येत नाही. ते दोन्ही करतं. त्यांना आपल्यापासून झाकतं, आणि एकमेकांपासूनही. लपण्याची किंमत म्हणून त्यांनी एकमेकांचा चेहरा दिला आहे. आम्हाला विचाराल तर या चित्रातली खरी कळ इथे आहे, ‘आधुनिक माणसाचं एकाकीपण’ वगैरेत नाही.

थोडं विषयांतर, पण व्याख्यानात तेवढं चालतं. आपल्याकडे नावावरसुद्धा कापड टाकायची रीत होती. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. घ्यायचंच झालं तर उखाण्यात, म्हणजे फुलं, चांदीची ताटं, देवळं यांच्या चुण्यांत गुंडाळून. सगळ्या बायका खिदळतायत आणि नाव शेवटच्या ओळीत हळूच बाहेर. आमच्या माहितीतल्या एक आजी नव्वदीपर्यंत नवऱ्याचा उल्लेख ‘हे’ असाच करायच्या, आणि त्या एका अक्षरात काय काय असायचं! त्या एकाकी होत्या, असं कुणी म्हटलं असतं तर त्यांनी त्याला चहा न देताच परत पाठवलं असतं. पण त्या एकाकी नव्हत्या, असं आपण तरी कशावरून म्हणायचं? ‘हे’च्या आत डोकावायची सोय नव्हती.

आता लोकल. बदलापूर ते सीएसएमटी हे साधारण ६८ किलोमीटरचं अंतर, गर्दीच्या वेळी दीड तासाच्या आसपास. इथल्या कित्येकांनी आयुष्याची वीस-पंचवीस वर्षं या दीड तासात काढली आहेत, जाताना आणि येताना. दारात उभं राहिलं की अनोळखी माणसाची छाती पाठीला टेकते, त्याचा श्वास मानेवर लागतो. इतकं जवळ आपण घरातल्या कुणाच्या उभं राहतो? आणि तरी नजर कुठे असते? मोबाइलमध्ये, पंख्याकडे, बाहेर. चेहऱ्यावर आपण सगळ्यांनीच एक कापड ओढून घेतलेलं असतं. ते घेतलं नाही तर तो प्रवास सहन होणार नाही. याच्या दुसऱ्या बाजूला डब्यातले ग्रुप आहेत. भजनं आहेत, वाढदिवस आहेत, चौथ्या सीटवर आळीपाळीने बसणं आहे, बायकांच्या डब्यात निवडली जाणारी मेथी आहे. वीस वर्षं रोज भेटणारी माणसं, आणि घर कुणाचं कुणाला माहीत नाही. “ती अंबरनाथची”, “तो वांगणीवाला” एवढीच ओळख. एखादा चार दिवस दिसला नाही तर काळजी वाटते, पण चौकशी कुठे करायची?

२३ मार्च २०२० ला लोकल थांबली. अत्यावश्यक कामांवरची मंडळी सोडली तर सर्वसामान्यांसाठी ती पुढच्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठरावीक वेळांत, परत सुरू झाली. फलाटावर परत आलेल्या माणसांच्या तोंडावर खरंच कापड होतं. तेव्हा किती जणांनी एकमेकांना नुसत्या डोळ्यांवरून, उभं राहण्याच्या ढबीवरून, पिशवीवरून ओळखलं! आणि ग्रुपमधलं कोण परत आलं नाही, हेही तेव्हाच कळलं. माग्रितचं चित्र त्या वर्षी जगभर खूप फिरलं, मास्कचं चित्र म्हणून. ते आम्हाला जरा स्वस्त वाटलं होतं. आज तितकं वाटत नाही.

ठाण्याच्या सुधीर पटवर्धनांचं नाव इथे घ्यायला हवं. ते अतिवास्तववादी मुळीच नाहीत, उलट टोकाचे वास्तववादी. ‘उल्हासनगर’ नावाचं त्यांचं चित्रही आहे. पण एक गंमत बघा: पेशाने ते रेडिऑलॉजिस्ट. वर्षानुवर्षं ठाण्यात माणसांचे एक्स-रे पाहत होते. कापड, कातडी, मांस, सगळ्याच्या आत पाहण्याचा धंदा. आणि कॅनव्हासवर त्यांनी काय काढलं? इराण्याच्या हॉटेलात बसलेला, लोकलमध्ये उभा असलेला, रस्ता ओलांडणारा माणूस, बाहेरून, त्याच्या अंगावरच्या मळलेल्या शर्टासकट. आतलं सगळं पाहून झाल्यावर जणू त्यांना बाहेरच्या माणसाचा मान ठेवावासा वाटला. पटवर्धनांवर वेगळं व्याख्यान लागेल, ते कधीतरी करू.

माग्रितची एक शेवटची गोष्ट, मग प्रश्न घेऊ. डिसेंबर १९२९ मध्ये ब्रतोंच्या मासिकात एक पान आलं. मधे माग्रितने काढलेली एक नग्न स्त्री, आणि भोवती सोळा अतिवास्तववाद्यांचे फोटो, सगळ्यांचे डोळे मिटलेले. सोळाही पुरुष. आतलं पाहायचं म्हणून डोळे मिटलेले, असा त्याचा अर्थ. त्याच महिन्यात ब्रतोंकडे मंडळी जमलेली असताना जॉर्जेटच्या गळ्यातल्या क्रॉसवरून खटका उडाला. ब्रतोंला धर्माची चीड. त्याने तो काढायला लावला. जॉर्जेटने क्रॉस काढला नाही, आणि माग्रित बायकोला घेऊन तिथून उठला. पुढच्या वर्षी दोघं ब्रुसेल्सला परतली. तिथे एका साध्या घरात, जेवणाच्या खोलीत स्टँड मांडून, तो वर्षानुवर्षं चित्रं काढत राहिला.

ही जॉर्जेट त्याला पहिल्यांदा भेटली होती शार्लरवाच्या जत्रेत, १९१३ मध्ये. त्याची आई जाऊन वर्ष उलटलं होतं. दोघंही शाळकरी. पुढे युद्ध आलं आणि गाठभेट तुटली. १९२० मध्ये ब्रुसेल्सच्या एका बागेत अचानक पुन्हा भेट झाली, १९२२ मध्ये लग्न, आणि तो १९६७ मध्ये जाईपर्यंत संसार. झाकलेले चेहरे काढणाऱ्या या माणसाने जॉर्जेटचा चेहरा पुन्हा पुन्हा काढला, अगदी उघडा, समोरून, निवांत.

दिवे लावा. मागच्या ओळीत एक हात वर आहे केव्हापासून. हो, बोला ताई.